प्लेटलेट १.५, १५० की १,५०,०००? आरोग्यनोंदींची देवाणघेवाण आणि तिच्या चाचण्या

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिरज जंक्शनवर बरीच वर्षं तीन रुंदींचे रूळ होते. पुण्याकडून येणारी ब्रॉड गेज, लोंढ्याकडे जाणारी मीटर गेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी नॅरो गेज. दोन रुळांमधलं अंतर एकीत १,६७६ मिलिमीटर, दुसरीत १,००० आणि तिसरीत ७६२. तिन्ही गाड्या एकाच स्टेशनात येत, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढत नसे. माल उतरवायचा, डोक्यावर घ्यायचा, पलीकडच्या डब्यात भरायचा. त्यात वेळ जाई, हमाली लागे आणि थोडंफार सांडायचंच.

याच मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. तेव्हापासून सांगली-कोल्हापूरपासून थेट उत्तर कर्नाटकापर्यंतची माणसं इथं उपचाराला येतात. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असते. तिच्यात रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड. मिरजेचे रूळ आता एका मापाचे झाले. पिशवी मात्र अजून तशीच आहे. गावाकडच्या लॅबचा संगणक वेगळा, हॉस्पिटलचा वेगळा. मग रुग्णाचा मुलगा रिपोर्टाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि काउंटरवरची मुलगी तो बघून आकडे पुन्हा टाइप करते. ही हमालीच आहे, आणि सांडणंही तसंच चालू आहे.

मी हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरची चाचणी घेण्याचं काम करते. दोन संगणकांनी एकमेकांना रुग्णाची माहिती द्यायची, आणि घेणाऱ्याला ती देणाऱ्याइतकीच नीट समजायची, हे घडवायला काय काय लागतं ते इथं सांगायचं आहे. त्यासाठी जगात मानकं आहेत, चांगली आहेत. पण मानक कागदावर लिहिल्यानं गाडी चालत नाही. ती चालते की नाही हे चाचणीत कळतं, आणि चाचणीही आपल्या मातीतली लागते. तसं का, ते एका आकड्यापासून बघू.

दीड लाखाचा घोळ

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घराघरांत एकच प्रश्न असतो, "प्लेटलेट किती?" उत्तर येतं, "दीड लाख." डॉक्टरही तसंच बोलतात. एका मायक्रोलिटर रक्तात १,५०,००० प्लेटलेट, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेच्या खालच्या टोकाला. आता हाच निकाल तीन लॅबच्या कागदांवर बघा. एक लॅब छापते १.५ आणि शेजारी एकक म्हणून ‘लाख’. दुसरी छापते १,५०,०००. तिसरीचं यंत्र परदेशी बनावटीचं, ते छापतं १५०, कारण त्याचं एकक ‘हजार प्रति मायक्रोलिटर’ आहे. तिन्ही बरोबर आहेत. माणूस कागद बघतो तेव्हा आकडा आणि एकक एकत्र वाचतो, घोटाळा होत नाही.

संगणक तसं करत नाही. त्याच्याकडे आकड्याचा रकाना वेगळा आणि एककाचा वेगळा. एकक मोकळ्या मजकुरात कुणीतरी ‘लाख’ म्हणून भरलेलं असतं, आणि समोरच्या सॉफ्टवेअरला ‘लाख’ हा शब्द माहीत नसतो. मग ते एकक गाळून टाकतं किंवा स्वतःचं नेहमीचं लावतं. १.५ ‘हजार’ दिसलं की रात्रपाळीच्या डॉक्टरची झोप उडते. उलटंही होऊ शकतं, धोक्याचा आकडा ठीक दिसू शकतो, आणि ते जास्त वाईट. प्लेटलेट खरोखर १५,००० वर आलेल्या रुग्णाचा आकडा एका जागी ०.१५ असतो, दुसऱ्या जागी १५. तीन दिवसांचे तीन लॅबचे आकडे एकाच आलेखावर टाकले, तर रेघ वर जातेय की खाली हे सांगता येणार नाही.

म्हणून मानकांचं पहिलं काम आहे नाव पक्कं करणं. ‘प्लेटलेट’, ‘पीएलटी’, ‘प्लेटलेट काउंट’, ‘थ्रॉम्बोसाइट’ ही सगळी एकच तपासणी आहे हे यंत्राला कळायला एक क्रमांक लागतो. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमधल्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटनं १९९४ मध्ये अशा क्रमांकांची यादी सुरू केली. तिचं नाव लॉइंक. यंत्रानं मोजलेल्या प्लेटलेटचा लॉइंक क्रमांक ७७७-३. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा ७१८-७. हे क्रमांक नुसते ‘काय मोजलं’ एवढंच सांगत नाहीत. कशात मोजलं, कोणत्या प्रकारची राशी मोजली, एका क्षणाची की चोवीस तासांची, उत्तर आकड्यात आहे की शब्दांत, आणि गरज असेल तिथं कोणत्या पद्धतीनं, असे सहा प्रश्न विचारून प्रत्येक क्रमांक ठरतो. त्यामुळे आपल्या बोलण्यातली ‘शुगर’ लॉइंकमध्ये एक राहत नाही. उपाशीपोटीची १५५८-६, जेवणानंतर दोन तासांची १५२१-४. पेशंट "माझी शुगर १८० आहे" म्हणतो तेव्हा डॉक्टर लगेच विचारतात, "जेवणाआधी की नंतर?" तोच प्रश्न क्रमांकात आधीच विचारून ठेवलेला आहे.

या क्रमांकातली एक युक्ती मला फार आवडते. शेवटचा, रेघेनंतरचा अंक तपासणीचा असतो. आधीच्या अंकांवर एक साधं गणित करून तो काढतात. ७७७ साठी उजवीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करा. पहिला ७ होतो १४, त्यातले १ आणि ४ मिळवून ५. मधला ७ तसाच. डावीकडचा पुन्हा ५. बेरीज १७. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे २० ला, ३ कमी पडतात. म्हणून ७७७-३. कुणी घाईत ७८७-३ टाइप केलं तर बेरीज १८ येते, शेवटचा अंक २ असायला हवा होता, आणि संगणक तिथंच अडवतो. अर्थात, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं हे गणित करून बघितलं असेल तरच. माझ्या कामाची एक साधी चाचणी हीच असते. मुद्दाम चुकीचा क्रमांक पाठवायचा आणि समोरचा तो मुकाट्यानं गिळतो का ते बघायचं. बरेच गिळतात.

नाव झालं, आता माप. त्यासाठी यूकम नावाची एककांची संहिता आहे. तिच्यात ‘लाख’ नाही. ‘दहाचा तिसरा घात प्रति मायक्रोलिटर’ आहे. म्हणजे लॅबनं कागदावर दीड लाख छापावं, पण तारेवरून पाठवताना १५० आणि हे एकक पाठवावं. लंडनला राहणाऱ्या मुलानं तिथल्या डॉक्टरला दाखवायला वडिलांचा साखरेचा रिपोर्ट मागवला, तरी हाच प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे १२६ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर, तिथं तीच साखर ७ मिलिमोल प्रति लिटर. पट अठराची आहे. एकक पक्कं असेल तर संगणक भागाकार करील. नसेल तर अंदाज करील, आणि औषधाच्या बाबतीत अंदाज नको.

तिसरं आहे निदानाचं नाव. ‘डायबेटिस’, ‘डीएम’, ‘मधुमेह’, ‘टी२डीएम’ यांना एका सूत्रात बांधणारा शब्दसंग्रह म्हणजे स्नोमेड सीटी. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांची एक यादी आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची एक यादी एकत्र करून तो २००२ मध्ये आला. मधुमेहाचा क्रमांक ७३२११००९, त्यातल्या दुसऱ्या प्रकाराचा ४४०५४००६, आणि ‘दुसरा प्रकार हाही मधुमेहच’ हे नातंही त्यात नोंदलेलं असतं. भारत २०१४ मध्ये त्याचा सदस्य झाला. आपल्याकडचं त्याचं केंद्र पुण्यात, सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक-संशोधन संस्थेत आहे. आरोग्यनोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्रही तेच. भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात ज्या संस्थेचा मोठा वाटा आहे, तिच्याकडेच हे काम असावं याचं मला समाधान वाटतं. लिपीचा प्रश्न पुढे येणारच आहे.

चिठ्ठ्यांवरच्या संक्षेपांचं काय होतं याचं एकच उदाहरण देते. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा. औषध घालायचं कुठं आणि घ्यायचं कितीदा, हे दोन वेगळे रकाने असतील तर भांडण मिटतं.

डबा आणि रूळ

शब्द ठरले तरी वाक्य कसं रचायचं हा प्रश्न उरतो. ते काम एचएल-सेव्हन या संस्थेच्या मानकांचं. ती १९८७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. नावातला सात हा आकडा संगणकीय संवादाच्या सात थरांपैकी सर्वांत वरच्या थराचा. तारा, जोडण्या वगैरे खालच्या थरांचं इतर बघतील, आम्ही अर्थाचं बघू, असा त्याचा आशय. तिचं दुसऱ्या आवृत्तीचं मानक आजही जगभरच्या लॅबयंत्रांत आणि हॉस्पिटलांत चालतं. त्यात संदेश म्हणजे उभ्या रेघांनी तोडलेल्या ओळी असतात. एका ओळीत रुग्ण, पुढच्या ओळीत मागवलेली तपासणी, त्याखाली निकाल. कितवी रेघ म्हणजे काय हे दोन्ही बाजूंना ठाऊक असावं लागतं. गडबड अशी की त्यात पर्याय फार होते. दोन कंपन्या दोघीही ‘आम्ही मानक पाळतो’ म्हणत आणि दोघींचं एकमेकींशी जमत नसे. तिसऱ्या आवृत्तीनं सगळंच काटेकोर करायचं ठरवलं, तर ती इतकी जड झाली की फार थोड्यांनी वापरली.

त्यानंतर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी नवा विचार मांडला. वेबसाइट आणि मोबाइल ॲप ज्या तंत्रानं बोलतात त्याच तंत्रानं आरोग्यनोंदी का बोलू नयेत? त्यातून एफएचआयआर आलं, उच्चार ‘फायर’. कल्पना सोपी आहे. रुग्ण हा एक डबा, निरीक्षण हा एक डबा, औषधाची मागणी हा एक, भेट हा एक. प्रत्येक डब्याचे कप्पे ठरलेले. प्लेटलेटचा निकाल म्हणजे ‘निरीक्षण’ डबा, त्यात लॉइंक क्रमांक, आकडा, यूकम एकक, वेळ आणि ‘हे कुणाचं’ सांगणारा रुग्णाच्या डब्याकडे जाणारा दुवा. जगातल्या बहुतेक सॉफ्टवेअरांना जे लागतं तेवढंच मूळ डब्यात ठेवायचं, देशोदेशीच्या खास गरजा वेगळ्या जोडायच्या, असं धोरण. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत काही डबे पहिल्यांदा ‘आता हे बदलणार नाही’ म्हणून पक्के झाले. भारतानं आपली घडण याच आवृत्तीवर केली आहे.

देशानं केलेल्या या घडणीला प्रोफाइल म्हणतात. मूळ मानक म्हणतं, ‘इथं नाव देता येईल.’ प्रोफाइल म्हणतं, ‘आमच्याकडे द्यावंच लागेल, आणि क्रमांक अमुकच यादीतला हवा.’ पर्याय कमी करणं हेच प्रोफाइलचं काम. चाचणी घेता येते ती प्रोफाइलची. ‘देता येईल’ असं लिहिलेलं असेल, तर न देणाऱ्याला नापास कसं करणार?

पास झाला, पण जमलं का?

चाचणीचे दोन प्रकार नीट वेगळे ठेवावे लागतात.

पहिली नियमांची चाचणी. एक सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यानं तयार केलेला संदेश तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचा. सक्तीचे कप्पे भरलेत का, तारीख तारखेसारखी आहे का, क्रमांक ठरलेल्या यादीत आहे का, हे तो काही सेकंदांत सांगतो. फायरसाठी असा प्रोग्रॅम एचएल-सेव्हनच फुकट देतं. हे व्याकरण तपासण्यासारखं आहे. ‘हिमोग्लोबिन १३५ ग्रॅम प्रति डेसीलिटर’ हे वाक्य व्याकरणात बसतं. खरं मात्र असू शकत नाही. कुणीतरी लिटरवरचा आकडा डेसीलिटरच्या एककासोबत पाठवलेला असतो. व्याकरण तपासणारा त्याला हिरवी खूण देऊन मोकळा होतो.

दुसरी चाचणी दोघांमधली. इथं खरे दोन पक्ष लागतात, दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या डोक्यांनी लिहिलेले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या आणि आरोग्य-संगणकक्षेत्राच्या संघटनांनी आयएचई नावाचा उपक्रम काढला आणि लगेच त्याच्या ‘कनेक्टाथॉन’ सुरू झाल्या. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, आणि बाजारात एकमेकींच्या गळ्यावर असलेल्या कंपन्यांचे इंजिनिअर शेजारी-शेजारी लॅपटॉप उघडून बसलेले. हा पाठवतो, तो घेतो, उघडतो. बिघडलं तर दोघंही तिथंच बसून शोधतात, दुरुस्त करतात, पुन्हा पाठवतात. तटस्थ निरीक्षक नोंदी तपासून मगच ‘झालं’ म्हणतात. एकाच जोडीदाराशी जमवून भागत नाही, वेगवेगळ्यांशी जमवून दाखवावं लागतं. फायरच्याही अशा बैठकी २०१२ पासून होत आल्या आहेत. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. मानकात कुठं दोन अर्थ निघतात हे समितीच्या खोलीत कळत नाही. टेबलावर पहिल्या तासात कळतं. आणि सापडलेला दोष पुन्हा मानक लिहिणाऱ्यांकडे जातो, वाक्य सुधारलं जातं.

अमेरिकेनं हे अनुभवानं शिकून घेतलं. २००९ च्या कायद्यानं तिथल्या डॉक्टरांना संगणकीय नोंदी ठेवण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला, अट अशी की सॉफ्टवेअर प्रमाणित हवं. मोजमापाचं काम करणाऱ्या एनआयएसटी या राष्ट्रीय संस्थेनं चाचण्यांच्या पद्धती लिहिल्या. प्रयोगशाळेत सॉफ्टवेअर पास झाली, दवाखान्यात मात्र माहिती अडूनच राहिली, कधी तांत्रिक कारणानं तर कधी मुद्दाम. मग २०१६ च्या कायद्यानं दोन गोष्टी आणल्या. माहिती विनाकारण अडवायला मनाई केली, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरही प्रत्यक्ष वापरातल्या ठिकाणी सॉफ्टवेअर चालतं हे दाखवत राहण्याची सक्ती केली.

१ जूनला जन्मलेली माणसं

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले तिथं येते. चाचणीसाठी जे खोटे रुग्ण वापरतात ते बहुधा परदेशी साच्याचे असतात. एक नाव, एक आडनाव, एक जन्मतारीख, प्रत्येकाचा स्वतःचा फोन. अशा रुग्णांवर पास झालेलं सॉफ्टवेअर आपल्याकडे येतं आणि पहिल्याच आठवड्यात अडखळतं.

जन्मतारीखच घ्या. महाराष्ट्रात १ जून ही तारीख असलेली माणसं किती आहेत हे शाळेत हजेरी घेतलेल्या कुणालाही विचारा. मुलाला शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. तेव्हा शाळा सुरू व्हायच्या आधी वय भरलं की झालं. म्हणजे ‘नाव आणि जन्मतारीख जुळली, एकच माणूस असणार’ हा परदेशात बऱ्यापैकी चालणारा नियम एखाद्या गावात एकाच नावाच्या दोन माणसांना एक करून टाकू शकतो. एका माणसाच्या दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर गैरसोय होते. दोन माणसांची नोंद एक झाली तर एकाचा रक्तगट दुसऱ्याला चिकटतो.

याच तारखेची एक गंमत नव्हे, धास्ती सांगते. एका ठिकाणी आम्ही चाचणी घेत होतो. पाठवणाऱ्यानं जन्मतारीख तारीख म्हणून न साठवता ‘१ जून, मध्यरात्र, भारतीय वेळ’ अशी साठवली होती. पाठवताना सॉफ्टवेअरनं ती जागतिक वेळेत बदलली. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून झाली ३१ मे, संध्याकाळी साडेसहा. घेणाऱ्यानं वेळ कापून तारीख ठेवली, ३१ मे. दोन्ही सॉफ्टवेअर नियमांच्या चाचणीत पास होती. रुग्णाचा जन्म मात्र एक दिवस अलीकडे सरकला, आणि पुढच्या वेळी त्याची जुनी नोंद सापडेना. फायरमध्ये जन्मतारखेच्या कप्प्यात वेळ टाकताच येत नाही, आणि इतर ठिकाणी तास-मिनिटं लिहिली की ती कुठली वेळ हेही लिहावं लागतं. हे नियम असल्या अपघातांवरूनच आले आहेत. पण आतल्या साठवणीत कुणी चूक करत असेल तर नियमाला ती दिसत नाही. दोघांमधल्या चाचणीत १ जूनचा रुग्ण असेल तरच दिसते.

मग नाव. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, अजूनही काही घरांत पहिलं नावही बदलतात. माहेरच्या दवाखान्यातली बाळंतपणाची नोंद सासरच्या गावातल्या हॉस्पिटलला सापडत नाही, ती त्यामुळे. रोमन लिपीत काळे आणि काले एक होतात, आणि शिंदे दोन-तीन प्रकारांनी लिहिले जातात. म्हणून देवनागरीत लिहावं म्हटलं, तर तिथं वेगळे खड्डे आहेत. ‘ज्ञानेश्वर’ रोमनमध्ये अकरा अक्षरं, संगणकाच्या हिशेबात अकरा बाइट. देवनागरीत जोडाक्षरं आणि मात्रा धरून दहा चिन्हं, पण प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे तीस. कुणी नावाच्या रकान्याला वीस बाइटची मर्यादा ठेवली असेल तर नाव नुसतं अर्धं होत नाही, एका चिन्हाच्या मधोमध तुटतं आणि पडद्यावर काळा चौकोन दिसतो. आणि ‘कऱ्हाडे’मधला ‘ऱ्ह’? तो संगणकात दोन वेगळ्या रीतींनी टाइप करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. शोध घेताना एक दुसऱ्याशी जुळत नाही.

घरात मोबाइल एकच आणि तो सगळ्यांच्या नोंदीत, हेही आपल्याकडे नेहमीचं. आजीची, सुनेची आणि नातवाची नोंद एकाच क्रमांकावर. ‘मोबाइल जुळला म्हणजे माणूस जुळला’ असं मानणारं सॉफ्टवेअर आजीच्या मोतीबिंदूचे कागद नातवाच्या फाइलीत घालील.

आपल्याकडची घडण

भारतात आरोग्यनोंदींची मानकं २०१३ मध्ये जाहीर झाली आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. प्रत्यक्ष देवाणघेवाणीची यंत्रणा १५ ऑगस्ट २०२० ला घोषित झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत, आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर. हेच आयुष्मान भारत डिजिटल मिशन. त्यातला आभा क्रमांक, म्हणजे माणसाच्या आरोग्यखात्याचा क्रमांक, चौदा अंकी आहे आणि तो घेणं ऐच्छिक आहे. म्हणून वरचे सगळे ओळख पटवण्याचे प्रश्न आभामुळे कमी होतात, संपत नाहीत. जुनी नोंद शोधताना मोबाइल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवरच जुळणी करावी लागते.

या घडणीतली मला पटलेली गोष्ट म्हणजे सगळ्यांच्या नोंदी दिल्लीत एका जागी गोळा होत नाहीत. त्या जिथं तयार झाल्या तिथंच राहतात. मिरजेच्या डॉक्टरला बेळगावचा रिपोर्ट हवा असेल तर त्याचं सॉफ्टवेअर विनंती पाठवतं. ती रुग्णाच्या फोनवर येते. कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांमधल्या, आणि ही परवानगी कधीपर्यंत, हे सगळं तिच्यात असतं. रुग्णानं हो म्हटलं तरच नोंद कुलूपबंद होऊन निघते. कुलूप दोन टोकांनाच उघडतं. मधल्या परवानगी सांभाळणाऱ्याला आत काय आहे ते वाचता येत नाही.

यात जोडून घ्यायचं तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला आधी सरावाच्या मैदानात, सँडबॉक्समध्ये, तीन टप्पे पार करावे लागतात. पहिला टप्पा आभा तयार करणं आणि पडताळणं. दुसरा, आपल्याकडची नोंद ठरलेल्या साच्यात बांधून रुग्णाच्या खात्याला जोडणं आणि मागितल्यावर देणं. तिसरा, दुसऱ्याकडची नोंद परवानगीनं मागवून दाखवणं. मग कामाची चाचणी आणि सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षेची तपासणी. त्यानंतर खऱ्या मैदानाची किल्ली मिळते.

परवानगीच्या चाचण्या मी स्वतः सर्वांत चिकाटीनं करते, आणि त्यात ‘मिळालं का’ यापेक्षा ‘नाकारलं का’ हे जास्त बघते. मुदत संपल्यावर दोन मिनिटांनी मागितलं तर देतं का? रुग्णानं परवानगी मागं घेतली तर थांबतं का? फक्त लॅबचे रिपोर्ट मागितले असताना मानसोपचाराची चिठ्ठीही सोबत येते का? हे नीट नसेल तर बाकीचं कितीही सुबक असू दे, मी ते पास करणार नाही.

या व्यवस्थेत मला एक गोष्ट खटकते. ठरलेल्या साच्यांत, चिठ्ठी, लॅब रिपोर्ट, ओपीडीची नोंद, डिस्चार्ज, लसीकरण यांच्याबरोबर स्कॅन केलेला कागद किंवा पीडीएफ जसाच्या तसा ठेवायचीही सोय आहे. ती हवीच, कारण वीस वर्षांचे जुने कागद कोण टाइप करणार? पण नवी लॅबही आपला निकाल पीडीएफ करून डब्यात घालते आणि जोडलेली म्हणवते. डबा पोचतो, चाचणी पास होते, आत मात्र चित्र असतं. प्लेटलेटचा आकडा पुन्हा डोळ्यांनीच वाचायचा. मिरजेच्या फलाटावर आता रूळ एक झाले, पण पोती उघडून माल मोजायला हमाल आहेतच, असं काहीसं. नव्या लॅबना काही वर्षांत पीडीएफसोबत आकडे वेगळे देणं सक्तीचं व्हावं असं माझं ठाम मत आहे.

आणि रिकामा कप्पा. ॲलर्जीचा रकाना मोकळा असेल तर त्याचा अर्थ काय? ॲलर्जी नाही, की विचारलंच नाही, की विचारलं आणि रुग्णाला सांगता आलं नाही? फायरमध्ये या तिन्हींसाठी तीन वेगळी उत्तरं देता येतात. पण बहुतेक पडद्यांवर टायपिस्टला एकच मोकळी चौकट दिसते, आणि पलीकडच्या हॉस्पिटलात ती ‘ॲलर्जी नाही’ अशी वाचली जाते. पेनिसिलिन टोचायच्या आधी हा फरक कळायला हवा.

म्हणून माझ्या चाचणीच्या माहितीत एक कायमची बाई आहे. ती खरी नाही, मीच बनवली आहे. तिचा जन्म १ जूनचा. पहिलं नाव ‘ज्ञ’नं सुरू होतं, आडनावात ‘ऱ्ह’ आहे, माहेरचं वेगळं, त्यात ‘ळ’. मोबाइल मुलाचा, त्याच क्रमांकावर आणखी तीन माणसं. प्लेटलेट एका लॅबमध्ये १.५ लाख, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे १२०, तिसऱ्या दिवशी ९०,०००. आलेखात रेघ खाली जाताना दिसलीच पाहिजे. ॲलर्जीचं कुणी विचारलेलं नाही. परवानगी तिनं आज संध्याकाळी सहापर्यंत दिली आहे. कुठलंही नवं सॉफ्टवेअर टेबलावर आलं की पहिल्यांदा मी हिला पाठवते, आणि पलीकडून ती जशीच्या तशी बाहेर येते का, ते बघत बसते.